प्रमेही रुग्णातील शोधन आणि ‘ग्लिफ्लोझिन’ वर्गातील औषधे : एक चिकित्सकीय विचार

प्रमेहाची चिकित्सा सांगताना चरकाचार्यांनी रुग्णांचे दोन वर्ग केले आहेत. स्थूल व बलवान रुग्णास संशोधन, कृश व दुर्बल रुग्णास बृंहण. सुश्रुताचार्यांच्या मते मधुमेहीचे शरीर मेदाने व्याप्त असल्याने त्यास विरेचन सहजी होत नाही. म्हणून त्याच्या बाबतीत तीक्ष्ण शोधनाचा विचार करावा लागतो. या सिद्धांतांचे मोल आजही कमी झालेले नाही. परंतु आज चिकित्सालयात येणारा प्रमेही बहुधा अगोदरपासून आधुनिक औषधे घेत असतो. त्यांपैकी एका वर्गाचा शोधनाशी थेट संबंध येतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

संशोधनातून काय दिसले?

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन इत्यादी औषधे या वर्गात येतात. प्रारंभी ती केवळ रक्तशर्करा कमी करण्यासाठी वापरली गेली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एम्पा-रेग’ या चाचणीत हृद्रोग असलेल्या सुमारे सात हजार मधुमेहींचा अभ्यास झाला व एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी आढळले. २०१९ च्या ‘डापा-एचएफ’ व २०२० च्या ‘डापा-सीकेडी’ या चाचण्यांत अनुक्रमे हृदयाची कार्यक्षमता घटलेल्या व वृक्कविकार असलेल्या रुग्णांना लाभ झाला. या दोन्ही चाचण्यांत मधुमेह नसलेले रुग्णही समाविष्ट होते. म्हणून ‘मला साखरेचा त्रास नाही’ असे सांगणारा रुग्णही आज हृदयासाठी अथवा वृक्कासाठी हेच औषध घेत असू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

कार्य आणि उपद्रव

वृक्कातून गाळली गेलेली शर्करा पुन्हा रक्तात शोषली जाते. हे औषध त्या शोषणास अटकाव करते व दररोज सुमारे ६० ते ८० ग्रॅम शर्करा मूत्रावाटे बाहेर टाकते. परिणामी रक्तशर्करा उतरते, इन्सुलिनचे प्रमाण घटते, ग्लुकॅगॉन वाढते आणि शरीर इंधनासाठी मेदाकडे वळते. मेदाच्या ज्वलनातून निर्माण होणारी कीटोन द्रव्ये प्रमाणाबाहेर साचली की रक्ताची आम्लता वाढते. हाच ‘कीटोॲसिडोसिस’ हा प्राणघातक उपद्रव होय.

एरवी या उपद्रवात रक्तशर्करा अतिशय वाढलेली असते व निदान लवकर होते. या औषधांच्या बाबतीत मात्र ती २०० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०१५ मध्ये याविषयी इशारा दिला. पुढे २०२० मध्ये नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी ही औषधे किमान तीन दिवस, तर अर्टुग्लिफ्लोझिन किमान चार दिवस बंद ठेवावे, अशी सूचना माहितीपत्रकात समाविष्ट झाली. उपवास, द्रवक्षय व शरीरावरील ताण ही या उपद्रवाची प्रमुख निमित्ते आहेत.

शोधनकाळातील धोका

आता शोधनाचा क्रम पाहू. स्नेहपानाच्या तीन ते सात दिवसांत घृताची मात्रा चढती असते आणि अन्न अल्प, म्हणजेच मेद भरपूर व कर्बोदके थोडी. त्यानंतर वमन वा विरेचनाने द्रवक्षय होतो. पुढे संसर्जनक्रमात पेया-विलेपीपासून हळूहळू आहार वाढवला जातो. म्हणजे वर सांगितलेली निमित्ते येथे एकापाठोपाठ एक उपस्थित होतात. आमचे हे अनुमान औषधाच्या कार्यपद्धतीवर आधारलेले आहे. तथापि शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपवासाला लागू असलेली दक्षता शोधनाला लागू नाही, असे म्हणण्यास कोणतेच कारण नाही.

लक्षणांतील साम्य तर अधिक फसवे आहे. हृल्लास, छर्दी, उदरशूल, अरुचि व क्लम ही कीटोॲसिडोसिसची लक्षणे होत. स्नेहपानकाळी हीच लक्षणे स्नेहाच्या अजीर्णाची वाटतात, तर विरेचनानंतर थकवा स्वाभाविक मानला जातो. अशा वेळी लंघन व उष्णोदक दिल्यास मूळ उपद्रव वाढतो. ग्लुकोमीटरवरील समाधानकारक आकडाही येथे आश्वासक नसतो. श्वास खोल व जलद होऊ लागल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णास रुग्णालयात पाठवावे आणि तो कोणते औषध घेतो हे चिठ्ठीवर ठळकपणे लिहावे.

मूत्रपरीक्षणाविषयीही सावधगिरी हवी. हे औषध घेणाऱ्याच्या मूत्रात, रक्तशर्करा प्राकृत असतानाही, शर्करा आढळतेच. तिच्यावरून प्रमेहाची वृद्धी वा ऱ्हास ठरवू नये. मूत्रातील कीटोनची पट्टीही काही वेळा प्रत्यक्षाहून कमी दर्शवते. शंका असल्यास रक्तातील कीटोन तपासणे श्रेयस्कर.

व्यवहारात काय करावे?

१) शोधनाचा विचार करण्यापूर्वी रुग्णास सर्व गोळ्यांची पाकिटे आणावयास सांगावे. नावाच्या अंती ‘ग्लिफ्लोझिन’ आहे का, ते पाहावे.

२) औषध परस्पर बंद करू नये. स्नेहपानापासून संसर्जनापर्यंतचा काळ दोन आठवड्यांहून अधिक भरू शकतो. हृद्रोगी रुग्णास इतके दिवस औषधाविना ठेवणे हानिकारक ठरेल. मूळ चिकित्सकाशी विचारविनिमय करूनच निर्णय घ्यावा. औषध थांबवणे शक्य नसल्यास शोधनाचा आग्रह सोडून शमन, पथ्य व व्यायाम यांचा आश्रय घ्यावा.

३) इन्सुलिन घेणाऱ्या व कृश रुग्णाच्या बाबतीत धोका अधिक असतो. त्यांचे इन्सुलिन कधीही एकाएकी बंद करू नये.

४) ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यास लंघनकाळात रक्तशर्करा अतिशय उतरण्याचे भय असते. त्याचाही विचार सोबतच करावा.

५) आहार पूर्ववत झाल्यावरच औषध पुन्हा सुरू व्हावे.

औषध विक्रेत्यांची भूमिकाही महत्त्वाची आहे. भारतात २०२० नंतर डापाग्लिफ्लोझिनची व मार्च २०२५ नंतर एम्पाग्लिफ्लोझिनची अनेक कंपन्यांची स्वस्त उत्पादने आली असून मेटफॉर्मिन वा सिटाग्लिप्टिनसह संयुक्त गोळ्याही मिळतात. वेष्टनावरील व्यापारी नावावरून घटक कळत नाहीत. वैद्याच्या चिठ्ठीविना एरंडस्नेह किंवा तीव्र रेचक मागणाऱ्या ग्राहकास ‘साखरेची, हृदयाची अथवा मूत्रपिंडाची गोळी चालू आहे का?’ एवढा एक प्रश्न विचारल्यास मोठा अनर्थ टळू शकतो.

शोधनापूर्वी दोष, दूष्य, बल, काल, अग्नी इत्यादींचा विचार करण्याची आपली परंपरा आहे. रुग्णाच्या शरीरात आधीपासून कार्यरत असलेले औषध हाही आज त्या परीक्षणाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे. तसे झाले तरच शोधनाचा लाभ रुग्णास निर्धोकपणे देता येईल, असे आम्हास वाटते.