बोन्सायची तार वाफशावरच गुंडाळा

पाऊस लागला की नांदगावात जुन्या भिंतींच्या फटींतून वड-उंबराची रोपं डोकं वर काढतात. ती हलक्या हाताने सोडवून कुंडीत लावली की बोन्सायची सुरुवात झाली. मग पहिला प्रश्न येतो, फांदीला वळण द्यायला तार किती जाड घ्यायची? मऊ ॲल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. पण फांदी मोडते ती बहुतेक वेळा तारेपायी नव्हे, पाण्यापायी.

पाणी पिऊन तट्ट फुगलेली फांदी वाकत नाही, मोडते. मी एकदा डाळिंबाच्या कुंडीला सकाळी पोटभर पाणी घातलं आणि लगेच फांदी वाकवायला घेतली. बाहेरच्या अंगाची साल उसवली आणि आतलं पांढरं लाकूड उघडं पडलं.

म्हणून तार गुंडाळण्याआधी झाडाला पाण्याचा ताण द्यायचा. पण बहरासाठी बागेला देतो तसा पानगळ होईपर्यंतचा नव्हे. कुंडीत माती ती केवढी! एक दिवस पुरतो. खूण आपल्या ओळखीचीच, वाफसा. काडी खुपसून बघा: ओल लागावी, चिखल लागू नये. पानं मलूल दिसली तर त्या दिवशी तारेला हात लावू नका. तहानलेल्या झाडाची फांदी वाकेल, पण जखम भरायला त्याच्यात त्राण नसतं आणि पुढे शेंडा वाळतो.

पावसाळ्यात पाणी तोडणं आपल्या हाती नाही, तेव्हा आदल्या दिवशी कुंडी पडवीत घ्या. जेडचं गणित निराळं. तो खोडापानांत पाणी साठवतो. त्याला चार-पाच दिवस कोरडा ठेवा, नाहीतर काकडीसारखा कटकन तुटेल.

तारेचे वेढे तिरके, साधारण 45 अंशांत घ्या. वळणाच्या बाहेरच्या बाजूला वेढा येऊ द्या, आतून दोन्ही अंगठ्यांचा आधार द्या आणि सावकाश वाकवा. बारीक करकर ऐकू आली की थांबा. साल तडकलीच तर कलमाची पट्टी घट्ट बांधा.

काम झालं की कुंडीच्या बुडातून निथळेपर्यंत पाणी द्या. दोन आठवडे सावलीत ठेवा, खत नको. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर धरत असेल, तर पागोळ्यांचं पाणी पिंपात धरून ठेवा.

आषाढ-श्रावणात वडवर्गातली झाडं झपाट्याने जाड होतात आणि महिन्या-दीड महिन्यातच तार सालीत रुतू लागते. दर आठवड्याला बघत चला. रुतायला लागली की उलगडत बसू नका, कटरने वेढ्यावेढ्याला तोडून काढा.