संकटाची हाक कोणी ऐकली?

शिटी वाजवीत आगगाडी जवळून निघून जाते तेव्हा तिचा चढा स्वर एकदम उतरतो, हे तुम्ही अनुभवले असेल. हाच डॉप्लर परिणाम. संकटात सापडलेली जहाजे व विमाने शोधण्यासाठी त्याचा उपयोग झाला.

संकटसूचक यंत्र ठरावीक वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडते. जवळ येणाऱ्या उपग्रहाला ही वारंवारता किंचित जास्त, दूर जाताना कमी आढळते. हा फरक शून्य होतो त्या क्षणी उपग्रह यंत्राच्या सर्वांत जवळ असतो. फरक किती झपाट्याने बदलला, यावरून मार्गापासूनचे अंतर कळते. पण यंत्र डावीकडे की उजवीकडे? वेगळ्या मार्गाने जाणाऱ्या दुसऱ्या उपग्रहाचेही दोन बिंदू मिळतात. जो बिंदू दोघांचा जुळतो, ते खरे ठिकाण!

म्हणूनच सहकार्य हवे. शीतयुद्ध चालू असतानाही १९७९ साली अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा व फ्रान्स यांनी 'कोस्पास-सारसॅट' योजनेसाठी हातमिळवणी केली. सप्टेंबर १९८२ मध्ये 'कॉसमॉस १३८३' या सोव्हिएत उपग्रहाने कॅनडात कोसळलेल्या विमानाची हाक टिपली आणि तिघांचे प्राण वाचले. आज भारतही या योजनेत असून बंगळूर व लखनौ येथे तिची भूकेंद्रे आहेत.

वहीत दोन छेदणाऱ्या रेषा, म्हणजेच उपग्रहांचे मार्ग, काढून हे स्वतः पडताळून पाहा.