दुखायचं थांबलं, पण हात वर जाईना

एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. त्या घंटीची दोरी ओढायला कंडक्टरचा हात दिवसातून किती वेळा वर जातो, हे मोजायच्या भानगडीत कोणी पडत नाही. मीही पडलो नव्हतो. पसरणी घाटात एका वळणावर गाडी हेलकावली, सवयीने वरचा दांडा धरायला गेलो आणि उजव्या खांद्यात अशी कळ आली की हातातलं तिकिटाचं मशीन थेट एका आजींच्या मांडीवर. "मास्तर, बसा जरा," असं म्हणून त्या माउलीने सरकून जागा दिली. तेव्हा माझं वय ५१ आणि मधुमेह होऊन सात वर्षं झालेली. या दोन गोष्टींचा खांद्याशी संबंध असतो हे मला कुठे ठाऊक!

पहिले दोन महिने स्टँडसमोरच्या मेडिकलमधली गोळी. सकाळी एक, रात्री एक. उजव्या कुशीवर वळलो की झोप उडायची. कोणीतरी चोळून घ्या म्हणालं, तेही केलं. चोळणाऱ्याने हात धरून असा हिसका दिला की पुढचे चार दिवस भाजीची पिशवीसुद्धा डाव्या हातात. आता कळतं, खांदा ठणकत असताना जोर लावणं म्हणजे आगीत तेल.

अखेर हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे स्वच्छ. त्यांनी मला हात वर करायला सांगितलं, गेला नाही. मग त्यांनी स्वतः उचलून पाहिला, तरी गेला नाही. निदान तिथेच झालं. हात नुसता कमजोर असता तर दुसऱ्याने उचलल्यावर बहुधा गेला असता. हा सांधाच आखडला होता: फ्रोझन शोल्डर. खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आक्रसतं, धुतल्यावर आटलेल्या सदऱ्यासारखं. हा आजार चाळिशी ते साठीत जास्त दिसतो, मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर आणखी जास्त. हे नाव १९३४ मध्ये बॉस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जनने दिलं. वाकून हात लंबकासारखा झुलवायचा व्यायामही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दोन महिने गोळ्या खाल्ल्याचं ऐकून डॉक्टरांनी आधी क्रिएटिनिन तपासायला लावलं. मधुमेह्याने दुखणं मारायच्या गोळ्या मनाने खाणं मूत्रपिंडाला महागात पडू शकतं.

सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. चार दिवस साखर चढेल, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. चढली, उतरली. पंधरवड्यात दुखणं जवळजवळ गेलं. सोबत व्यायामाचा एक कागद दिला होता. तो मी घडी करून पैशाच्या बॅगेत ठेवला आणि तो तिथेच राहिला.

माझी चूक ती. दुखत नाही म्हणजे बरा झालो, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. लबाडी पकडली बायकोने. सदऱ्याची उजवी बाही आधी घालतो, भांग डाव्या हाताने पाडतो, पाकीट उजव्या खिशातून डाव्या खिशात गेलंय. दोरी ओढताना मी खांदा कानापर्यंत उचलून कंबरेतून कलायचो, हे मात्र ड्रायव्हरने आरशात पाहिलं होतं. पाच महिने असं चाललं आणि मग मान धरली.

फिजिओथेरपीच्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. दुखतं किती, हे त्यांनी नंतर विचारलं. आधी म्हणाल्या, "काका, हात पाठीमागे न्या. अंगठा कुठवर जातो?" माझा अंगठा मागच्या खिशापाशी अडला. डावा सहज खांद्याच्या पात्यापर्यंत गेला. तेवढ्यावर माझ्या पाच महिन्यांच्या बढाया संपल्या.

तुमचा खांदा असा असेल तर मोजमाप बदला. दुखणं कालच्यापेक्षा कमी आहे का, एवढंच पाहू नका. वरच्या फळीवरचा डबा निघतो का, मागच्या खिशातलं पाकीट निघतं का, ते पाहा. मी भिंतीसमोर उभा राहून बोटं चढवायचो, जिथे थांबतील तिथे पेन्सिलने रेघ आणि तारीख. खांदा कानाकडे गेला की ती रेघ धरायची नाही. दुसरा व्यायाम छत्रीचा: कोपर बरगडीला चिकटवून मध्ये घडी केलेला टॉवेल धरायचा आणि छत्री दोन्ही हातांत आडवी धरून चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर ढकलायचा. या आजारात हात बाहेर वळणं सगळ्यांत आधी जातं, आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर सांधा जरा ऐकतो. दिवसातून तीनदा पाच-सात मिनिटं पुरे. रविवारी एकदम तासभर करून काही मिळत नाही.

ताण जाणवणारच. तो थोड्या वेळात निवला तर ठीक; रात्री ठणकून जाग आली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. आणि पडल्यावर हात अचानक लुळा पडला, ताप आहे, किंवा डाव्या खांद्याबरोबर छाती भरून घाम फुटला, तर असले प्रयोग नकोत, सरळ दवाखाना गाठा.

पहिल्या महिन्यात रेघ दोन बोटं चढली. दोन बोटं! दोरीपर्यंत पोहोचायला आठ महिने लागले. मग रबरी पट्टा ओढून ताकद कमवायची, कारण एवढ्या काळात दंड वाळला होता. अंगठा अजून पात्यापर्यंत जात नाही, कंबरेच्या पट्ट्याच्या चार बोटं वर थांबतो. मॅडम म्हणतात, कोणाकोणाचं थोडं राहून जातं.

गेल्या महिन्यात डावा खांदा कुरकुरायला लागला. मी साखर तपासून घेतली, डॉक्टरांची वेळ घेतली, आणि भिंतीवर जुन्या रेघांच्या शेजारी, झेपेल तेवढ्या उंचीवर, डाव्या हाताची पहिली रेघ मारली. दिवाळीत रंग द्यायचा आहे. तेवढी पट्टी सोड, असं रंगाऱ्याला सांगून ठेवलंय.