'नाइस'च्या पुढे काय? : छोट्या भेटवस्तूंसाठी इंग्रजी विशेषणे

कोणी आपल्याला एखादी लहानशी वस्तू भेट दिली की तिच्याविषयी इंग्रजीत चार ओळी लिहिण्याचा प्रसंग कधी ना कधी येतोच. परीक्षेत आभारपत्राचा प्रश्न असतो. नोकरीत निरोप समारंभ असतात. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेक जण एकच विशेषण लिहून मोकळे होतात, ते म्हणजे 'नाइस'. पेन नाइस, रुमाल नाइस, पेढेही नाइस! हा शब्द चुकीचा नाही, पण तो वाचून देणाऱ्याला काहीच कळत नाही. आपण त्याची वस्तू नीट पाहिली की नाही, एवढेसुद्धा नाही.

या शब्दाचा इतिहास गमतीचा आहे. त्याचे मूळ लॅटिनमधील 'नेसिअस', म्हणजे अजाण. इंग्रजीत तो प्रथम आला तेव्हा त्याचा अर्थ मूर्ख असा होता. पुढे नाजूक, चोखंदळ, काटेकोर असे अर्थ घेत घेत तो 'छान'वर येऊन थांबला, आणि मग ज्याला त्याला लागू लागला. 1817 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीत हेन्री टिल्नी हा तरुण नायिकेची याच शब्दावरून थट्टा करतो. म्हणजे हे दुखणे आपलेच नाही, खुद्द इंग्रजांचेही आहे.

आता आमची स्वतःची फजिती सांगतो. आम्ही बँकेत नवीन होतो. आमचे एक अधिकारी दक्षिणेकडचे, त्यांना मराठी बेताचेच येई. बदली होऊन जाताना त्यांनी आम्हा प्रत्येकाला पितळेची एक छोटी समई दिली. आभाराचे कार्ड लिहिण्याचे काम आमच्याकडे आले, कारण आम्ही बी.ए. झालेले! आम्ही मोठ्या उत्साहाने समईला 'चीप अँड बेस्ट' असे विशेषण लावले. दुकानांच्या पाट्यांवर हे शब्द आम्ही नेहमी वाचले होते. आमच्या मनात 'स्वस्त आणि मस्त' होते. साहेबांनी कार्ड वाचले, मंद हसले आणि खिशात ठेवले. 'चीप'मध्ये स्वस्ताबरोबर हलक्या प्रतीचे, टाकाऊ असाही वास येतो, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी समजले. तोपर्यंत साहेब निवृत्त झाले होते. ती समई आजही आमच्या घरी आहे.

वास्तविक 'चीप' हा शब्द मुळात इतका हलका नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सौदा, बाजार असा होता. लंडनमधील चीपसाइड या रस्त्याच्या नावात तो अजून टिकून आहे. पण आजच्या वापरात तो भेटवस्तूला लावू नये. किंमत सांगायचीच असेल तर 'इनएक्स्पेन्सिव्ह' म्हणावे, आणि तेही स्वतः दिलेल्या वस्तूबद्दल. दुसऱ्याने दिलेल्या वस्तूची किंमत काढूच नये. उलट 'प्राइसलेस'मधील 'लेस' पाहून बिचकू नये. त्याचा अर्थ अमूल्य असा आहे. बिनमोलाचे ते 'वर्थलेस'.

मग विशेषण निवडायचे कसे? आमचा उपाय साधा आहे. वस्तू हातात घ्या आणि आधी मराठीत पाहा. आपली भाषा या बाबतीत श्रीमंत आहे. सुबक, नाजूक, रेखीव, इवलेसे, गोंडस, दणकट असे कितीतरी शब्द घरात रोज बोलले जातात, ते सोडून आपण 'नाइस'च्या मागे धावतो. सावंतवाडीचा रंगीत लाकडी भोवरा कोणी दिला तर तो सुबक आहे, म्हणून 'नीटली मेड'. काचेच्या बांगड्या किंवा चिनीमातीची कपबशी नाजूक, म्हणून 'डेलिकेट'. त्यात देखणेपणा आणि लहानपणही असेल तर 'डेंटी'. पेपरवेटला मात्र कोणी 'डेंटी' म्हणू नये. बारीक नक्षीचे काम असेल तर 'इंट्रिकेट'. बोटाच्या पेराएवढी मूर्ती 'टायनी'. डबा दणकट असेल तर 'स्टर्डी'. खिशात मावणारी, वेळेला उपयोगी पडणारी वस्तू 'हँडी'. 'एक्स्क्विझिट' हा भारी शब्द आहे, तो अप्रतिम कारागिरीसाठी राखून ठेवावा. प्लॅस्टिकच्या किचेनला लावला तर थट्टा वाटेल.

'स्मॉल' आणि 'लिटल' यांत गल्लत फार होते. 'स्मॉल' हे माप आहे. 'लिटल'मध्ये मापाबरोबर जिव्हाळाही असतो, जसा आपल्या 'छोटुकल्या'त असतो. म्हणून 'अ स्मॉल बॉक्स' म्हणजे लहान आकाराची पेटी, आणि 'अ लव्हली लिटल बॉक्स' म्हणजे आवडलेली, लाडकी पेटी. शिवाय आपल्याकडे देणारा 'फूल ना फुलाची पाकळी' म्हणून आपली भेट लहान करून सांगतो. तो त्याचा विनय. इंग्रजीतही देणारा 'जस्ट अ लिटल समथिंग' म्हणतो. पण घेणाऱ्याने तेच उचलून 'थँक यू फॉर युअर स्मॉल गिफ्ट' लिहिले की विनयाचा अपमान होतो. आम्ही तपासलेल्या पत्रांत ही चूक वारंवार दिसते.

क्रमाबद्दल थोडे. मराठीत 'लाल छोटी सुंदर लाकडी पेटी' म्हटले तरी चालून जाते. इंग्रजीत नाही. तेथे आधी आपले मत, मग आकारमान, मग वय, घाट, रंग, मूळ ठिकाण आणि शेवटी कशाची बनली ते, असा साधारण क्रम असतो. 'अ ब्यूटिफुल स्मॉल रेड वुडन बॉक्स.' एकावेळी दोन-तीन विशेषणे पुरेत. सगळी माळ ओवायची गरज नाही.

शेवटी एक शब्द ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. गेल्या वर्षी शेजारची बारावीतली मुलगी आभारपत्र तपासायला घेऊन आली. तिच्या निवृत्त शिक्षिकेने आपला स्वतःचा खिशात मावणारा इंग्रजी शब्दकोश तिला पाठवला होता. पानांचे कोपरे मऊ पडलेले, समासात पेन्सिलीच्या खुणा. मुलीने लिहिले होते, 'थँक यू फॉर युअर ओल्ड डिक्शनरी'. खोटे काहीच नव्हते. आम्ही तिला विचारले, तो जुना कशाने झाला? ती म्हणाली, "बाईंनी रोज वापरला म्हणून." मग आम्ही 'वेल-थम्ब्ड' हा शब्द सांगितला. थम्ब म्हणजे अंगठा. अंगठ्याने पाने उलटून उलटून जे झिजले ते. तिला तो फार आवडला. आणि भेटीला 'थॉटफुल' लावायला सांगितले. हे विशेषण वस्तूला लागते, पण कौतुक देणाऱ्याचे करते. तुम्ही माझा विचार केलात, असे ते सांगते. वस्तू दोन रुपयांची असो की दोनशेची, ते कमीजास्त होत नाही.

मुलीने पत्र पुन्हा लिहिले. 'थँक यू फॉर युअर थॉटफुल गिफ्ट. आय शॅल कीप दिस वेल-थम्ब्ड लिटल डिक्शनरी ऑन माय टेबल.' खाली मराठीत सही केली. बाईंचे उत्तर आठ दिवसांत आले, आणि त्यात त्यांनी समासातल्या एका खुणेचा अर्थ कळवला होता.