भूतकेस

आषाढ-श्रावणात घाटातून जाणाऱ्या प्रवाशाला गर्द हिरव्या झाडीत ठिकठिकाणी पांढरे कागद अडकल्यासारखे दिसतात. जवळ जावे, तर ते कागद नसतात. आणि गंमत अशी की, ती फुलेही नसतात! सह्याद्रीच्या व कोकणाच्या रानात वाढणारे हे झुडूप म्हणजे भूतकेस होय. नावात भूत असले, तरी त्याला भिण्याचे काही कारण नाही.

भूतकेसाचे खरे फूल अगदी लहान असते. बारीक नळीच्या टोकाशी पाच पाकळ्यांची नारिंगी चांदणी, एवढाच त्याचा थाट. मग तो पांढरा भाग कोणता? कोणी त्याला पान म्हणतात, कोणी पाकळी. एक फूल उलटे धरून पाहिले, म्हणजे वादाचा निकाल लागतो. फुलाच्या तळाशी पाच निदले असतात. काही फुलांत त्यांपैकी चार निदले दोऱ्यासारखी बारीक राहतात. पाचवे मात्र वाढून पानाएवढे रुंद व पांढरेशुभ्र होते. इवल्या फुलाकडे लांबून कोणाचे लक्ष जावे? हे निदल जणू निशाण फडकावते आणि फुलपाखरे मधासाठी येतात.

फुले नसताना पानांवरून ओळख पटवावी. पाने मोठी, लांबट, टोकदार व समोरासमोर असतात. समोरासमोरच्या दोन देठांच्या मध्ये, खोडालगत, लहानसे दुभंगलेले उपपर्ण दिसते. देठांमधील असे उपपर्ण ही कॉफीच्या कुळाची खूण आहे आणि भूतकेस त्याच कुळातील आहे. कधी पान कुरतडलेले असते व मधली शीर तेवढी काडीसारखी उरलेली असते. कमांडर नावाच्या फुलपाखराची अळी तेथे बसलेली आढळते. अशा वेळी औषध फवारण्याची घाई करू नये.

बागेतील गुलाबी मुसेंडा हा भूतकेसाचाच नातलग. त्याची कथा फिलिपीन्स देशातील आहे. तेथील माकिलिंग पर्वतावर 1915 साली एक निराळे झुडूप आढळले. त्याच्या फुलांत एकच नव्हे, तर पाचही निदले मोठी व पांढरी झालेली होती. अरोरा केसॉन यांचे नाव त्याला देण्यात आले. त्यांचे पती पुढे त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. या झुडपाचा आफ्रिकेतील लाल मुसेंड्याशी संकर करून गुलाबी जाती निर्माण झाल्या. त्यांना बहुधा बी धरत नाही. माणसाने फांदी लावली, तरच त्यांचा वंश पुढे चालतो.

फांदी लावण्यास पावसाळ्याचा आरंभ उत्तम. अर्धवट पिकलेली, वीतभर लांबीची फांदी घ्यावी. खालची पाने काढावीत आणि वरची मोठी पाने कात्रीने निम्मी करावीत. पाने कापताना पुष्कळांचा हात कचरतो. परंतु मुळे नसलेल्या फांदीला पाणी मिळते थोडे, आणि रुंद पानांतून ते उडून जाते फार! फांदीचे एक पेर तरी वाळू व शेणखत मिसळलेल्या मातीत पुरावे. कुंडी सावलीत ठेवावी. माती ओलसर असावी, पण तळाशी पाणी साचू देऊ नये.

मुळे फुटली की नाही, हे पाहण्यासाठी काही मुले रोज फांदी उपटतात. फुटू लागलेली कोवळी मुळे तेथेच तुटतात आणि मग कुंडीला दोष दिला जातो. काही आठवडे धीर धरावा. शेंड्याशी समोरासमोर दोन नवी पाने उमलून वाढू लागली, म्हणजे रोप मोठ्या कुंडीत हलवण्यास हरकत नाही.