लहान पात्यावरून मोठ्या पात्याची परीक्षा

26 मार्च 1945 रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील ग्रँडपाज नॉब या डोंगरावर त्या काळची जगातील सर्वांत मोठी पवनचक्की फिरत होती. तिच्या दोन पोलादी पात्यांपैकी एक मुळाशी मोडले आणि सुमारे 8 टनांचे ते धूड दूर भिरकावले गेले. मूळ अशक्त आहे हे अभियंत्यांना ठाऊक होते. पण युद्धकाळच्या टंचाईत ते बळकट करता आले नव्हते. ती पवनचक्की पुन्हा कधी चालू झाली नाही.

ते पाते सुमारे 20 मीटरचे होते. आज 100 मीटरहून लांब पाती बनतात. एवढे पाते आधी बनवून मग त्याची रचनाच चुकली असे कळणे कोणालाच परवडणारे नाही. म्हणून आधी लहान प्रतिकृती करून पाहतात. मात्र लांबी, रुंदी, जाडी सारख्या प्रमाणात कमी केली की काम झाले, असे समजू नका.

एक प्रयोग करा. वहीच्या कागदाची 1 सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. ती टेबलाच्या कडेवर पुस्तकाखाली अशी दाबा की 5 सेंटिमीटर भाग बाहेर राहील. आता 4 सेंटिमीटर रुंदीच्या चार पट्ट्या पातळ खळीने एकावर एक चिकटवा, वजनाखाली सपाट वाळवा आणि 20 सेंटिमीटर भाग बाहेर ठेवा. दुसरी पट्टी म्हणजे पहिलीचीच चौपट आवृत्ती. मग तिचे टोकही चौपट झुकावे ना? हिशेबाने ते सोळापट झुकते! खळीमुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण फरक डोळ्यांना दिसेल.

कारण असे. वजन झाले 4×4×4, म्हणजे 64 पट. ते आधारापासून चौपट दूर गेले, म्हणून वाकवणारा जोर 256 पट. पट्टीच्या छेदाची तो सोसण्याची ताकद मात्र 64 पटच वाढते. म्हणजे ताण चौपट झाला. आकार वाढला की स्वतःचे वजनच जड होते, हे गॅलिलिओने 1638 सालीच लिहून ठेवले आहे.

यावर उपाय काय? कोलोरॅडो राज्यात बोल्डरजवळच्या पवन तंत्रज्ञान केंद्रात 100 मीटरहून लांब पात्याची एक-पंचमांश प्रतिकृती खऱ्या वाऱ्यात फिरवली गेली. तिचे वजन 1/125 धरले, आणि लवचिकपणा असा ठेवला की लांबीच्या मानाने ती मोठ्या पात्याइतकीच वाकावी. गुरुत्वाकर्षण काही पाचपट कमी करता येत नाही, म्हणून वेग बदलावे लागतात. वाऱ्याचा वेग √5 ने भागायचा, फेऱ्यांना √5 ने गुणायचे. प्रतिकृतीवरचा सेकंदाला 5 मीटरचा वारा मोठ्या पात्यावरच्या सुमारे 11 मीटरच्या वाऱ्याचा प्रतिनिधी झाला.

इथे दुसरी अडचण येते. हवा पात्याला कशी बिलगून वाहते हे रेनॉल्ड्स अंकावर ठरते. तो लांबी व वेग दोन्हींच्या प्रमाणात असतो. आपल्या प्रतिकृतीत तो सुमारे 11 पट घटला! तो सांभाळावा तर वेग वाढवावा लागतो, आणि मग वजनाचा हिशेब बिघडतो. दोन्ही एकदम साधत नाहीत. केवळ हवेचाच अभ्यास करायचा असेल तर एक नामी युक्ती आहे: हवाच दाट करायची. लँग्ली येथील वायुबोगद्यात 1920 नंतरच्या दशकात 20 वातावरणांचा दाब वापरीत. प्रिन्स्टन विद्यापीठात अलीकडे 200 हून अधिक वातावरणांच्या दाबाखाली, वीतभर व्यासाची पवनचक्की फिरवून मोठ्या चक्कीइतका अंक गाठला आहे.

खळीचा थर आणि काचतंतू मात्र प्रमाणात बारीक होत नाहीत. म्हणून सांधे किती काळ टिकतील हे पाहायला शेवटी पूर्ण मापाचे पाते मुळाशी घट्ट बसवून लाखो वेळा हलवावेच लागते.

आता हे उदाहरण सोडवा: 100 मीटरच्या पात्याची 25 मीटरची प्रतिकृती केली. खरा वारा सेकंदाला 12 मीटर असेल, तर प्रतिकृतीसाठी तो किती हवा? आणि तिचे वजन मूळच्या कितवा हिस्सा?