धम्मकथांचे वाचन आणि मनाच्या दीर्घ आजारावरील उपचार
(हेर्मान हेसे यांच्या ‘सिद्धार्थ’ या कादंबरीच्या निमित्ताने एक अभ्यास)

प्रस्तावना

आपल्या समाजाच्या जीवनात ग्रंथाचे स्थान फार मोठे आहे. 1907 साली भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांच्या सत्काराच्या प्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. त्या भेटीपासून 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेपर्यंतचा प्रवास आपणा सर्वांना परिचित आहे. एक पुस्तक माणसाला आणि माणसांच्या समूहाला कुठून कुठे नेते, हे आपल्या घरांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. म्हणूनच घरात दुःख आले की आपण पुस्तकाकडे वळतो. कुणी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ उघडतो, कुणी थेरींच्या कथा वाचतो, तर कुणी बुद्धकाळावरची कादंबरी हाती घेतो. ही सवय चांगलीच आहे.

परंतु या चांगल्या सवयीतून एक गैरसमजही निर्माण होतो. घरातील मुलगा किंवा सून वर्ष-दोन वर्षे खिन्न राहते, तेव्हा वडीलधारी मंडळी सांगतात, “धम्म वाच, ध्यान कर, सगळे ठीक होईल.” ती व्यक्ती वाचते. मन तरीही उभारी धरत नाही. मग तिला वाटू लागते की आपली श्रद्धाच कमी पडते. आजाराचे ओझे होतेच, त्यावर अपराधीपणाचे दुसरे ओझे चढते. वाचन आणि उपचार यांचा परस्परांशी संबंध काय, हे समजून घेण्यासाठी प्रस्तुत लेखात एका जगप्रसिद्ध लेखकाचे उदाहरण आणि विनयपिटकातील एक उपदेश यांचा विचार केला आहे.

दीर्घकालीन नैराश्य म्हणजे काय?

दुःख आणि नैराश्य यांत फरक आहे. जवळचे माणूस गेले, परीक्षेत अपयश आले, नोकरी सुटली, तर मन दुखावते. हे स्वाभाविक आहे. बहुतेकांच्या बाबतीत काळाबरोबर ते दुःख हळूहळू ओसरते. नैराश्य हा आजार आहे. त्याचा एक प्रकार असा की, प्रौढ व्यक्तीत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ, बहुतेक दिवस आणि दिवसाचा बराचसा वेळ मन उदास राहते. मुलांच्या व किशोरांच्या बाबतीत एक वर्षाचा काळही पुरेसा धरला जातो. त्याच्या जोडीला भूक कमी-जास्त होणे, झोप न लागणे किंवा फार लागणे, थकवा, स्वतःला कमी लेखणे, एकाग्रता न होणे आणि पुढे काही चांगले होईल असे न वाटणे, यांपैकी काही लक्षणे असतात.

हा आजार संथ असतो. माणूस कामावर जातो, स्वयंपाक करतो, कॉलेजला हजेरी लावतो. त्यामुळे घरच्यांना तो आजार न वाटता स्वभाव वाटतो. “ती पहिल्यापासून अशीच अबोल आहे,” असे म्हणून विषय संपवला जातो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले की, नैराश्यासारखे मानसिक आजार असलेल्या आपल्या देशातील सुमारे 85 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. त्यामागे डॉक्टरांची कमतरता आहे, खर्च आहे आणि लोकलज्जाही आहे.

एका कादंबरीकाराचे उदाहरण

हेर्मान हेसे या जर्मन भाषेतील लेखकाचा जन्म 2 जुलै 1877 रोजी काल्व या गावी झाला. त्यांचे आजोबा हेर्मान गुंडर्ट हे केरळमध्ये राहून गेलेले मिशनरी. मल्याळम भाषेचा मोठा शब्दकोश त्यांनी तयार केला. हेसे यांच्या आईचा जन्म भारतातच झाला होता. अशा घरात वाढल्यामुळे हेसे यांना लहानपणापासून भारताची ओढ होती. 1911 साली त्यांनी पूर्वेकडे प्रवास केला व श्रीलंकेतील कँडी येथील बौद्ध विहार पाहिला. भारताच्या मुख्य भूमीवर मात्र ते पोहोचू शकले नाहीत.

त्यांचे मन तरुणपणापासूनच नाजूक होते. शाळकरी वयात ते धर्मशिक्षणाच्या शाळेतून पळून गेले होते आणि पुढे त्यांना काही काळ मनोरुग्णांच्या संस्थेत ठेवावे लागले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात संकटे एकामागून एक आली. युद्धज्वराविरुद्ध लिहिल्यामुळे वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. 1916 साली वडील वारले. लहान मुलगा गंभीर आजारी होता आणि पत्नीला मानसिक आजार जडला होता. या काळात हेसे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जर्मन युद्धकैद्यांना पुस्तके पाठवण्याचे काम करीत होते. दुसऱ्यांच्या दुःखात पुस्तकाचा आधार देणारा हा माणूस स्वतः कोसळला, तेव्हा डॉक्टरांकडे गेला. लुसर्न येथे डॉ. लांग यांच्याकडे त्यांनी 1916-17 या काळात मनोविश्लेषणाचे उपचार घेतले. त्यासाठी त्यांना साठाहून अधिक वेळा डॉक्टरांसमोर बसावे लागले.

पुढे 1919 च्या अखेरीस त्यांनी ‘सिद्धार्थ’ लिहावयास घेतली. पूर्वार्ध झाला आणि लेखणी थांबली. सुमारे दीड वर्ष पुस्तक पुढे सरकले नाही. मन पुन्हा निराशेने ग्रासले होते. 1921 साली ते झुरिकजवळ राहणारे प्रख्यात मनोविश्लेषक कार्ल युंग यांच्याकडे उपचारासाठी गेले. कादंबरी 1922 साली पूर्ण होऊन प्रसिद्ध झाली. 1946 साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यातून घाईने निष्कर्ष काढू नये. उपचारामुळेच कादंबरी पूर्ण झाली असे सिद्ध करता येत नाही, आणि उपचारानंतर हेसे कायमचे बरे झाले असेही नाही. पुढेही त्यांना कठीण काळ आले आणि त्यांनी पुन्हा मदत घेतली. पण एवढे निश्चित की, बुद्धकाळावरील जगात सर्वाधिक वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांपैकी एक लिहिणाऱ्या माणसालाही बुद्धविचाराचे वाचन आणि लेखन एवढ्यानेच भागले नाही. त्याने डॉक्टरांचे दार ठोठावले आणि त्यात कमीपणा मानला नाही.

कादंबरी वाचताना

विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे की, या कादंबरीतील सिद्धार्थ म्हणजे भगवान बुद्ध नव्हेत. तो त्या काळातील एक काल्पनिक ब्राह्मणपुत्र आहे. जेतवनात त्याची गौतम बुद्धांशी भेट होते. त्याचा मित्र गोविंद संघात प्रवेश करतो, सिद्धार्थ मात्र करीत नाही. त्यामुळे हे पुस्तक बुद्धचरित्र किंवा धम्माचे पाठ्यपुस्तक म्हणून वाचू नये. कादंबरीकार आपल्या मनातील प्रश्न पात्रांच्या तोंडी घालतो.

तरीही तिच्यातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सर्व सुखे भोगून विटलेला सिद्धार्थ नदीकाठी येतो, तेव्हा त्याला जगणे नकोसे झालेले असते. पुढे त्याला वासुदेव नावाचा नावाडी आसरा देतो. हा नावाडी विद्वान नाही, तो प्रवचन देत नाही. त्याच्यापाशी एकच मोठा गुण आहे. समोरचा बोलतो ते तो मन लावून ऐकतो. आजचा चांगला समुपदेशक प्रथम हेच करतो.

विनयपिटकातील रुग्ण आणि शुश्रूषक

आता आपल्या परंपरेकडे वळू. पोटाच्या विकाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः धुतले, ही कथा विनयपिटकाच्या महावग्गात आहे. त्याच ठिकाणी, कोणत्या रुग्णाची शुश्रूषा करणे सोपे असते हे सांगितले आहे. जो पथ्य पाळतो, औषध घेतो आणि शुश्रूषा करणाऱ्याला आपला आजार आहे तसा सांगतो, तो चांगला रुग्ण. म्हणजे आजार न लपवणे हा गुण मानला आहे.

चांगल्या शुश्रूषकाचेही पाच गुण तेथे दिले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. काय हितकर व काय अहितकर हे कळावे. त्याचे मन लाभाच्या आशेने नव्हे, मैत्रीने भरलेले असावे. मलमूत्र काढताना त्याला किळस वाटू नये. आणि वेळोवेळी धम्मकथा सांगून त्याने रुग्णाला धीर द्यावा व प्रसन्न करावे. या क्रमाकडे लक्ष द्यावे. औषध आणि धम्मकथा ही दोन्ही एकाच शुश्रूषकाची कामे आहेत. एक केले म्हणून दुसरे वगळता येत नाही.

आणखी एक मुद्दा. “मागच्या कर्माचे भोग” असे म्हणून आजारी माणसाला दोष देण्याची प्रवृत्ती समाजात आहे. संयुत्तनिकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना याविषयी विचारले होते. त्यांनी उत्तरादाखल पित्त, कफ, वात, ऋतुबदल, विषम आहारविहार, आघात अशी वेदनेची अनेक कारणे सांगितली आणि सर्वच वेदना पूर्वकर्माने होतात हे मत स्वीकारले नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा विचार आजही रुग्णाच्या बाजूने उभा राहतो. मगधाचे राजवैद्य जीवक यांचे उपचार स्वतः भगवंतांनी घेतले होते. बाबासाहेबांनीही अखेरच्या वर्षांत मधुमेहादी विकारांवर मुंबईचे डॉ. मालवणकर यांचे उपचार घेत घेतच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ सिद्धीस नेला. शरीरासाठी जे योग्य, ते मनासाठी अयोग्य कसे ठरेल?

वाचनाचा उपयोग आणि मर्यादा

चांगली कथा एकटेपणा कमी करते. पटाचाराची कथा वाचताना कळते की, सर्वस्व गमावून भान हरपलेल्या स्त्रीलाही संघात स्थान मिळाले. आपल्या वेदनेला शब्द सापडले की ती दुसऱ्याला सांगता येते. हा वाचनाचा मोठा लाभ आहे.

परंतु नैराश्यात एकाग्रताच कमी होते. एकच पान चार वेळा वाचूनही काही कळत नाही. हे आळसाचे किंवा अश्रद्धेचे चिन्ह नसून आजाराचे लक्षण आहे. अशा वेळी जाड ग्रंथ हाती देऊ नये. दोन-तीन पानांची कथा दुसऱ्याने वाचून दाखवावी, आणि तीही रुग्णाची इच्छा असेल तरच. दुःखांत कादंबरी वाचून मन अधिक खचत असेल, तर ती खुशाल बाजूला ठेवावी.

ध्यानाबाबतही हाच विवेक हवा. स्मृतिसाधनेवर आधारलेली एक उपचारपद्धती नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून उपयोगी ठरली आहे. मात्र इगतपुरी येथील विपश्यना परंपरेच्या शिबिरांच्या नियमांतही स्पष्ट म्हटले आहे की, विपश्यना हा वैद्यकीय किंवा मानसोपचाराला पर्याय नाही आणि गंभीर मनोविकार असलेल्यांनी शिबिरास बसू नये. ‘स्वयंदीप व्हा’ या उपदेशाचा अर्थ मदत नाकारा असा नाही. आपल्याला वैद्याची गरज आहे, हे स्वतः ओळखणे हेही दिव्याच्या उजेडात पाहणेच आहे.

उपचार कसे असतात?

1. प्रथम डॉक्टर तपासणी करतात. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय किंवा ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही थकवा व उदासी येते. म्हणून रक्ततपासणी सांगितली जाते.

2. समुपदेशन किंवा मानसोपचार म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. विचार, भावना आणि वर्तन यांचा संबंध तपासून त्यात हळूहळू बदल घडवणारी ती शिस्तबद्ध पद्धती आहे.

3. गोळ्यांचा परिणाम दिसण्यास साधारणपणे दोन ते सहा आठवडे लागतात. “आठ दिवस घेतल्या, गुण नाही,” म्हणून त्या सोडू नयेत. या झोपेच्या गोळ्या नव्हेत. मात्र त्या अचानक बंद केल्यास चक्कर, चिडचिड असे त्रास होतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच त्यांचे प्रमाण कमी करावे. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते. जुन्या आजारात हा काळ अधिक असतो.

4. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांतही मानसोपचार विभाग असतात. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते आणि तेथे मराठीतून बोलता येते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे.

जगणे नकोसे झाल्याची भाषा कुणी केली, तर ती थट्टेवारी नेऊ नये. त्या व्यक्तीला शांतपणे आणि थेट विचारावे, एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्यावे.

आपले कर्तव्य

विहारात रविवारी वंदना होते, ग्रंथवाचन होते. तेथेच वर्षातून एक-दोनदा मानसोपचारतज्ज्ञांचे व्याख्यान ठेवता येईल. संस्थेच्या वाचनालयात थेरीगाथेच्या शेजारी मानसिक आरोग्यावरील सोप्या पुस्तिका ठेवता येतील. एखाद्या भगिनीला एकटीने दवाखान्यात जाण्याचा संकोच वाटत असेल, तर महिला मंडळाच्या दोघी तिच्यासोबत जाऊ शकतील. बाहेर बाकावर बसून तिचा नंबर येईपर्यंत वाट पाहणे हेही शुश्रूषकाचेच काम आहे. विद्यार्थी मित्रांनीही वसतिगृहातील आपल्या खोलीच्या सोबत्याकडे लक्ष द्यावे. तो जेवायला येईनासा झाला, वर्गात दिसेनासा झाला, तर त्याच्या दारावर थाप मारावी.

धम्माचे पुस्तक आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकाच उशीजवळ राहू शकतात. रुग्णाने कोणत्याही एकाची निवड करावी, असे विनयपिटकाने कधीच सांगितलेले नाही.

गटचर्चेसाठी प्रश्न

1. दुःख आणि दीर्घकालीन नैराश्य यांतील फरक सांगा.
2. शुश्रूषकाच्या पाच गुणांपैकी कोणते गुण आपल्या विहारात आज दिसतात? कोणते वाढवावे लागतील?
3. सीवकाला मिळालेल्या उत्तराच्या आधारे “कर्माचे भोग” या समजुतीचे परीक्षण करा.
4. आपल्या गावाहून मानसोपचाराची सर्वांत जवळची सोय कोठे आहे, तेथे कोणत्या दिवशी तपासणी होते आणि केसपेपर कोठे काढावा लागतो, याची माहिती मिळवून विहाराच्या फलकावर लिहा.